परवायिल्लै म्हणाला

साहेब, तुम्ही माझ्या नवऱ्याला चांगलं बघायला शिकवायला निघालात, कारण वाईट काय घडलं ते त्यानं बघू नये, ही तुमची सोय होती. हे मी आडून बोलत नाही, तोंडावर सांगतेय. तुमच्या केबिनबाहेरच्या बाकावर मला बसवून ठेवलंत आणि शिपायाकडून निरोप दिलात की साहेब मीटिंगमध्ये आहेत. दार अर्धं उघडं होतं. तुम्ही बिस्किट चहात बुडवून खात होता. तेव्हा जे बोलायचं राहिलं, ते आता चार लोकांना ऐकू जाईल असं बोलते.

माझ्या नवऱ्याला तुम्ही ओळखता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रविकांत नाव. साताऱ्याच्या एमआयडीसीत प्रेस शॉपला होता. तुमचा मूळ कारखाना पुण्याकडचा, आणि चेन्नईत अंबत्तूरला दुसरा काढलेला. तिथं सुपरवायझर हवा होता. ‘आपला माणूस पाहिजे,’ म्हणालात. आम्ही आपली माणसं झालो. दोन हजार दोनच्या जूनमध्ये, आमच्या लेकीची, भव्याची शाळा सुरू व्हायच्या बेतानं, दोन ट्रंका आणि एक मिक्सर घेऊन आलो.

रविकांतला तमिळ येत नव्हतं, पण त्याला त्याची मजा वाटायची. पाट्या वाचता यायच्या नाहीत, तर कानानं शब्द पकडायचा आणि रात्री ताटावर बसून आमच्यापुढे फोडायचा, शेंगा फोडाव्यात तसा. कोपम म्हणजे कोप. संतोषम म्हणजे संतोष. सीक्रम म्हणजे शीघ्र. ‘अर्धी भाषा आपलीच आहे गं,’ म्हणायचा. आणि उरलेली अर्धी ‘इल्लै’ या एका शब्दावर चालते. तन्नी इल्लै, पाणी नाही. करंट इल्लै, वीज नाही. शब्द ठेवायचा, पुढे इल्लै लावायचं, झालं तमिळ.

मी त्याच्याएवढी हुशार नव्हते. पहिल्याच आठवड्यात सकाळी दारात एक माणूस ‘पाल, पाल’ ओरडला, तशी मी केरसुणी घेऊन भिंती बघत सुटले. तो दूधवाला होता. इथं दुधाला पाल म्हणतात. आमच्या घरमालकीणबाई खाली राहायच्या, त्या हसून हसून पायरीवर बसल्या.

या सकवारबाई. तंजावूरच्या मराठी. त्यांच्या घराण्याला इकडे येऊन इतक्या पिढ्या झाल्या की साताऱ्याचं नाव त्यांना फक्त लग्नाच्या बोलण्यात ऐकू आलेलं. त्यांची मराठी म्हणजे जुन्या पोथीनं सांबार खाल्ल्यासारखी. पण मराठीच. माझ्या जिवाला तेवढाच आधार.

कारखान्यात रविकांतच्या शिफ्टला एक ऑपरेटर होता, दिल्लीबाबू. हे नाव ऐकून आम्ही हसलो होतो. दिल्ली त्यानं जन्मात पाहिली नव्हती. एन्नोरच्या कोळीवाड्यातला. खाडीत वीजकेंद्राची राख आली, मासळी गेली, म्हणून बापाची होडी सोडून प्रेसवर आला होता. रविकांतनं त्याला एक वाक्य शिकवलं होतं. तो रोज लांबून हाक मारायचा, ‘सार, चा घेनार का?’ आणि रविकांत घरी येऊन त्याची नक्कल करायचा. त्या दिवसांत आमच्या घरात हसू होतं, एवढं लक्षात ठेवा.

आता प्रेसचं. तुम्हाला मी काय सांगायचं, पण बाकीच्यांना कळायला हवं. त्या प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच वरचा डाय, म्हणजे पत्रा कापणारा लोखंडी साचा, खाली येणार. म्हणजे डाय येतो तेव्हा माणसाचे दोन्ही हात बाहेर, बटणावर. साधी गोष्ट. माझ्यासारख्या दहावी झालेल्या बाईला कळते. तुमच्या कारखान्यात एका बटणाच्या फटीत लाकडाची पाचर ठोकलेली होती. ते बटण कायम दाबलेलं. म्हणजे ऑपरेटरचा एक हात मोकळा, त्या हातानं पत्रा सरकवायचा, दुसऱ्यानं बटण. माल दुप्पट.

रविकांतनं पहिल्या आठवड्यात ते पाहिलं आणि तुमच्याकडे आला. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात. ‘अरे, तू आपला माणूस. ही पोरं सराईत आहेत. महिनाअखेरचा माल जाऊ दे, मग बघू.’ त्यानं घरी येऊन मला जसंच्या तसं सांगितलं. खूश नव्हता. पण खांद्यावर हात ठेवला, हेही सांगितलं.

महिनाअखेर व्हायच्या आत दिल्लीबाबूचा उजवा हात डायखाली गेला.

हात मनगटापासून गेला. माणूस वाचेल असं वाटलं होतं. मग जखम चिघळली, विष अंगात गेलं. रविकांत रोज दवाखान्यात जायचा. शेवटच्या संध्याकाळी मीही गेले होते. मी वॉर्डबाहेर त्याच्या बायकोजवळ बसले. अंजलै तिचं नाव. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तिनं माझ्या पिशवीतलं मोसंबं घेतलं आणि सोललं नाही, नुसतं हातात धरून बसली. रविकांत आतून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा असा होता, जसा कुणी कानफटात मारल्यावर होतो. मी विचारलं, बोलला का काही? तो नाही म्हणाला. मी पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दिल्लीबाबू गेला.

पाचर त्याच दिवशी निघाली. त्याच दिवशी, साहेब. किती लवकर निघते ती, काढायचीच म्हटल्यावर.

मग चौकशी झाली, बंद खोलीत. तुम्ही म्हणालात, पाचर होती हे मला आत्ता कळतंय. रविकांत समोर बसला होता. तो काही बोलला नाही. नोटीस बोर्डवर इंग्रजीत लागलं की देखरेखीत ढिलाई झाली. देखरेख कुणाची, तर सुपरवायझरची. त्याला काढला नाहीत, उपकार केलेत. स्टोअरमध्ये नट-बोल्ट द्यायला बसवलात.

मी त्याला म्हटलं, तू का बोलला नाहीस? तर म्हणाला, शिफ्ट माझी होती. मी म्हटलं, पाचर तुझी नव्हती. तो म्हणाला, शिफ्ट माझी होती. भिंतीशी बोलावं तसं.

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं त्याला मला नाव देता येत नाही. दूध उतू गेलं, तर हा दुसऱ्या खोलीतून म्हणणार, माझंच लक्ष नव्हतं. बस चुकली, माझ्यामुळे. भव्याला ताप आला, मीच तिला काल बाहेर नेलं. आपली पाठ आपणच कोरड्यानं फोडत राहायची, आणि वळ बघायला कुणी नाही. दाढी करायचा तर आरशाकडे न बघता, गालावर कापून घ्यायचा. भव्याचा हात धरून रस्ता ओलांडायचं त्यानं बंद केलं. ‘तू धर,’ मला म्हणायचा. ‘माझ्या हातात नको देऊ तिला.’

आणि तो बाहेर पडेनासा झाला. दुकानात जायचं म्हटलं की अंगावर काटा. मला वाटायचं लोकांची लाज वाटते. पण इथं त्याला ओळखत कोण होतं? एकदा समोरच्या दुकानात साबण आणायला गेला आणि रिकाम्या हातानं परत आला. घामानं सदरा भिजलेला. काय झालं विचारलं, तर म्हणाला, ‘इथली माणसं फार स्पष्ट आहेत.’ मला अर्थ लागला नाही.

एके दिवशी भव्या शाळेतून येऊन सांगत होती की बाबा रेल्वेच्या फाटकाशी उभे होते. गाडी गेली, फाटक उघडलं, सगळे गेले, तरी बाबा तिथंच. तिनं हे असंच सांगितलं, दप्तर काढता काढता. मला त्या दिवसापासून झोप नाही. माझा नवरा जगणार की नाही, हा एवढा एकच प्रश्न मी उशाला घेऊन निजत होते. तुमचं महिन्याचं प्रॉडक्शन तेव्हा किती होतं, मला ठाऊक नाही.

मग तुम्ही मनाचं शिकवणाऱ्या एका मॅडमना आणलंत. कॉन्फरन्स हॉलमध्ये सगळ्यांना बसवून एका दिवसाचा क्लास. अपघातानंतर कामगारांचं मन खचलंय म्हणे. मॅडमनी सांगितलं, मनात स्वतःबद्दल वाईट विचार आला की त्याला थांब म्हणा, आणि आज आपल्या आजूबाजूला काय चांगलं घडलं ते आठवा. अगदी छोटं. कुणी हसलं, कुणी जागा दिली. रोज आठवा. मग सगळ्यांना समोसा आणि कॉफी.

रविकांत घरी येऊन मला हे सांगताना हसला. कितीतरी दिवसांनी हसला, आणि ते हसू बघून मला रडू आलं. म्हणाला, ‘मॅडमनी मला विचारलं, तुमचं आजचं चांगलं काय? मी म्हटलं, मॅडम, दोन्ही हातांनी जेवलो.’

मॅडमवर माझा राग नाही. बाई मनापासून सांगत असेल. राग तुमच्यावर आहे. घराला आग लावायची आणि आतल्या माणसाला सांगायचं, खिडकीतून चांदणं बघ.

पण साहेब, बुडत्या माणसानं काडी कुणी फेकली ते बघायचं नसतं. तो करणार नव्हता, म्हणून मी करायचं ठरवलं. त्याच्या वाटचं चांगलं मी गोळा करायचं. दिवसभर मी शहरात हिंडायचे ती भिकाऱ्यासारखी, चांगलं वाढा गं माय करत, आणि संध्याकाळी त्याच्या पुढ्यात आणून ओतायचे. बसमध्ये माझा पाय एका बाईच्या पायावर पडला, चांगला टाचेनं. मी ओशाळले, तर ती असू दे म्हणाली आणि मलाच सरकून जागा दिली. कंडक्टरकडे सुटे नव्हते, माझ्याकडेही नव्हते. तो राहू दे म्हणाला, उद्या द्या. पालेभाजीवालीच्या टोपलीला माझा धक्का लागून जुड्या रस्त्यावर सांडल्या, मी गोळा करायला वाकले, तर म्हणाली काही होत नाही, तुम्ही उठा. सकवारबाईंची रस्समची वाटी माझ्या हातून फुटली, त्यांच्या सासूच्या वेळची. त्याही तेच म्हणाल्या, जाऊ दे.

मी हे सगळं रोज सांगायचे. रंगवून सांगायचे, नकला करून. भव्या हसायची. रविकांत ऐकायचा. एक दिवस म्हणाला, ‘तुझ्याशी चांगली वागतात माणसं. तू चांगली आहेस म्हणून.’ मी म्हटलं, तुझ्याशी वाईट वागलं का कुणी? तो ताट घेऊन उठला.

असं चाललं होतं. मला वाटायला लागलं होतं की थोडा फरक पडतोय. मग तो रविवार आला.

दुपार होती. भव्या फरशीवर चित्र रंगवत बसली होती. रविकांत पाणी प्यायला उठला आणि त्याच्या हातून पेला सुटला. चित्रावर सगळं पाणी. रंग वाहून गेले. तो खाली बसला, हातानं पाणी पुसायला लागला, आणि त्याचं ते सुरू झालं, माझं चुकलं, माझ्या हातात काही राहतच नाही, चुकलं बाळा. भव्यानं वर बघितलं. ती आता शाळेत, गल्लीत दिवसभर तमिळच बोलायची, घरातही तेच तोंडात यायचं. तिनं त्याच्या गालाला ओला हात लावला आणि म्हणाली, ‘परवायिल्लै, अप्पा.’

रविकांत उठला. चपला न घालता जिना उतरला.

मला आधी कळलंच नाही. मग खिडकीतून दिसला, फाटकाच्या दिशेनं जाताना. मी भव्याला खाली सकवारबाईंच्या पुढ्यात ढकललं आणि धावले. आयुष्यात तशी धावले नव्हते. फाटक पडलेलं होतं. घंटा वाजत होती. तो दांड्याला पोट लावून उभा होता, दोन्ही हात दांड्यावर. मी जाऊन त्याचा दंड धरला, नखं रुतेपर्यंत. गाडी गेली. तिचा वारा आमच्या तोंडावर आला आणि गेला. मी दंड सोडला नाही.

‘आता तीपण म्हणते,’ तो म्हणाला.

‘काय म्हणते?’

‘तेच. तो म्हणाला होता तेच. दवाखान्यात मी त्याच्यापुढे हात जोडले. मन्निच्चिडुंगो म्हटलं, माफ कर म्हटलं. मुद्दाम शिकून गेलो होतो तो शब्द. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, परवायिल्लै सार. पर्वा नाही.’

फाटक वर गेलं. सायकली, स्कूटरी, माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी वाहायला लागली.

‘माफी मागितली, तर म्हणाला मला तुझी पर्वा नाही. मरता मरता. आणि त्याचं बरोबरच होतं. पण मग सगळं गावच म्हणतं, शैला. कारखान्यात पोरं म्हणायची, मला वाटायचं चेष्टेनं म्हणतात. दुकानात माझ्या हातून साबणाची रास पडली, दुकानदार म्हणाला. बसमध्ये म्हणतात. मी कुणाचीही क्षमा मागितली की पुढचा माणूस हेच म्हणतो. आणि आज माझी पोर.’

माझ्या डोक्यात ती बसमधली बाई आली, जिच्या पायावर मी पाय दिला होता. कंडक्टर आला. भाजीवाली आली. सकवारबाई आल्या, फुटलेल्या वाटीचे तुकडे पदरात घेताना. ती सगळी काय म्हणाली होती? असू दे म्हणाली नव्हती. राहू दे, जाऊ दे, काही होत नाही, हे शब्द माझे होते, मी घरी येऊन मराठीत केलेले. ती सगळी एकच शब्द म्हणाली होती, आणि मी तो इतक्या वेळा ऐकला होता, इतका कळला होता, की त्याच्यात ‘पर्वा’ आहे हे माझ्या कानाला कधी जाणवलंच नव्हतं. मी रोज त्याच्यासाठी तोच एक शब्द वेचून आणत होते. आणि त्याच्या ताटात वाढताना त्याचं नाव बदलत होते.

मी त्याला तिथंच, रस्त्याच्या मध्यात सांगितलं. तो विश्वास ठेवेना. मी त्याला बरं वाटावं म्हणून बोलतेय असं त्याला वाटलं. शेवटी मी त्याला ओढत घरी आणला आणि सकवारबाईंच्या ओसरीवर उभा केला, अनवाणी. म्हटलं, बाई, परवायिल्लै म्हणजे काय ते याला सांगा. याला वाटतं पर्वा नाही.

सकवारबाई भव्याची वेणी घालत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

‘तसें कोण सांगितलें तुला, अप्पा?’

तो म्हणाला, पर्वा म्हणजे पर्वा. इल्लै म्हणजे नाही.

‘तुम्ही देशावरचे लोक शब्द फोडून खातां. म्हणून दांत दुखतात.’ त्यांनी वेणीला रिबीन बांधली. ‘पर्वा आपलीच असेल. पण इथें ती नुसती तशी म्हणत नाहींत. तुझ्या हातून कांहीं झालें, तूं मन खाऊं नको, माझ्या मनांत कांहीं नाहीं, असें त्याचें. दुखलें तरी म्हणतात. दुखलें म्हणूनच म्हणतात.’ मग त्यांनी वर बघितलं. ‘कोण म्हटलें तुला?’

रविकांत पायरीवर बसला. दोन्ही हात तोंडावर घेऊन तो जो रडला, ते ऐकून रस्त्यावरची माणसं थांबली. एक अनोळखी बाई आत आली आणि पाण्याचा तांब्या कुठंय विचारायला लागली. मी त्याला रडू दिलं. दिल्लीबाबूनं मरायच्या आदल्या संध्याकाळी, एक हात तुटलेला असताना, अंग तापानं फणफणलेलं असताना, या माणसाला सांगितलं होतं की मनाला लावून घेऊ नका. आणि यानं ते महिनोन्‌महिने छातीत खिळ्यासारखं ठोकून घेतलं होतं.

आता कुणाला वाटेल, गैरसमज फिटला, माणूस बरा झाला. तसं होत नसतं. अजूनही दूध उतू गेलं की तो म्हणतो माझंच लक्ष नव्हतं. पण एवढं झालं की म्हटल्यावर थांबतो, आणि कुणी काही बोलतंय का त्याची वाट बघतो. आम्ही म्हणतो. भव्या म्हणते. कधी कधी तो स्वतःच हळूच म्हणतो, आणि मग पातेलं पुसायला घेतो. मॅडमनी सांगितलेलं चांगलं आमच्या घरी असं आलं, तुमच्या समोशातून नाही आलं.

पुढच्या रविवारी तो म्हणाला, एन्नोरला जाऊ. मला भीती वाटली, पण नको म्हणवेना. बेसिन ब्रिजला गाडी बदलली. तिकडे स्टेशनबाहेरच्या झाडांच्या पानांवर राख बसलेली होती, हात लावला की बोट काळं. कोळीवाड्यात विचारत विचारत गेलो. दिल्लीबाबूचं घर म्हटल्यावर एका म्हाताऱ्यानं काही न बोलता पुढे होऊन दाखवलं. तो बाप असावा.

अंजलै दारात जाळ्याला गाठी मारत होती. मला ओळखलं तिनं. त्याच्याकडे नुसतं बघितलं. माझं तमिळ मोडकंतोडकं, तरी मी सांगितलं की तुझा नवरा शेवटी यांना परवायिल्लै म्हणाला, आणि यांना ते उलटं समजलं होतं. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. ती बराच वेळ गाठीच मारत राहिली.

मग म्हणाली, तो म्हणाला असेल. तो तसाच होता. पोरानं मीठ सांडलं, समुद्रानं होडी उलटवली, सगळ्यांना तेच म्हणायचा. पण मी म्हणणार नाही. मला म्हणायला लावू नका.

रविकांत म्हणाला, नको म्हणू. हे त्यानं मराठीत म्हटलं, पण तिला कळलं. मग तो तिच्यासमोर खाली वाळूत बसला आणि आपल्या जेमतेम तमिळमध्ये बोलायला लागला. पार्त्तेन, मी पाहिलं. सोन्नेन, मी सांगितलं. तिसऱ्या गोष्टीला त्याला शब्द सापडेना. त्यानं हात आडवा धरून दाखवला आणि मान हलवली. थांबवलं नाही. एवढंच. पहिल्यांदा त्याच्या तोंडून माझंच चुकलं, सगळं माझंच, असं न येता जेवढं होतं तेवढं आलं. कमी नाही, जास्त नाही.

अंजलैचे हात थांबले. तिनं मधलाच शब्द उचलला.

‘सोन्नेन? यारकिट्ट?’

सांगितलं? कुणाला?

त्यानं तुमचं नाव सांगितलं, साहेब. तिला तुमचं नाव माहीत नव्हतं. तुम्ही तिच्या दारात कधी गेलाच नाहीत, तर माहीत असेल कसं? तिनं ते दोनतीनदा उच्चारून बघितलं. तुमच्या आडनावातला ‘ळ’ तिला नीट आला. मग तिनं विचारलं, त्यांना कळल्यावर ते काय म्हणाले? रविकांतनं तेही सांगितलं. खांद्यावर हात कसा ठेवला ते स्वतःच्या खांद्यावर हात ठेवून दाखवलं.

ती रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मला घरी येऊन झोप लागली असती. तिनं आम्हाला काळा चहा दिला. निघताना मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, हे आले. यांचा वाटा यांनी आणून दिला. तो मी ठेवून घेतला. ते दुसरे येणार आहेत का?

मी म्हटलं, विचारते.

म्हणून विचारतेय. नुकसानभरपाईचं विचारत नाही, त्याचा कागद तुमच्या वकिलानं तिच्याकडून केव्हाच करून घेतला. तुम्ही तिथं जाऊन काय बोलावं हेही मी शिकवत नाही. एन्नोरचं स्टेशन, तिथून समुद्राच्या बाजूला चालत. दिल्लीबाबूचं घर म्हटलं की लहान पोरही दाखवेल. ती संध्याकाळी जाळी विणत दारातच असते. ती कदाचित परवायिल्लै म्हणणार नाही, आणि तुम्हाला ते न ऐकताच परत यावं लागेल. मला तिला निरोप द्यायचाय. तुम्ही जाणार आहात की नाही?